यंत्र निर्दोष, वापर अपुरा

घड्याळ बंद पडलं तर त्यात बातमी काही नाही. घड्याळं बंद पडायचीच. पण माणूस खुर्चीत ताठ बसलेला आहे, डोळे उघडे आहेत, समोरच्या अर्जदाराला तो स्पष्ट आवाजात "उद्या या" म्हणतो आहे, आणि तरीही त्याच्या मनगटावरचं घड्याळ त्याला गेलेला समजून थांबतं, हे जरा मनाला लागण्यासारखं आहे. वक्तशीररावांच्या बाबतीत नेमकं हेच झालं, भर ऑफिसात झालं, आणि त्यांच्याआधी शिपायाच्या लक्षात आलं.

"साहेब, तुमच्या घड्याळात अजून पावणेअकराच?" शिपाई म्हणाला. बाहेर लोक जेवणाचे डबे उघडत होते.

वक्तशीरराव हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. ते नोंदणी कार्यालयात हेडक्लार्क. उशिरा आलेल्या माणसाकडे ते आधी बघत, मग घड्याळाकडे बघत, आणि एक शब्दही न बोलता पुन्हा फायलीत डोकं घालत. यापेक्षा चार शिव्या परवडल्या, असं सगळ्यांचं मत होतं. आधी हे नाव पाठीमागे चाललं, मग तोंडावर आलं. त्यांना ते आवडायचंही. माणसाला काहीतरी नाव पडणारच. त्यातल्या त्यात हे बरं होतं.

आता हे घड्याळ म्हणजे काही साधंसुधं नव्हतं. बायकोच्या मामांनी आयुष्य जहाजांच्या बुडाखाली काढलं. ते पाणबुडे. वय झालं, पाणी सुटलं, तेव्हा त्यांच्याकडची पाण्याखाली वापरायची दोन भारी घड्याळं त्यांनी दोन भाचेजावयांना देऊन टाकली. दोन्ही सेलशिवाय चालणारी. आत अर्धवर्तुळाच्या आकाराचं एक वजन असतं, हात हलला की ते फिरतं, ते फिरलं की स्प्रिंग आवळली जाते, आणि स्प्रिंगवर घड्याळ चालतं. मामांनी देताना दोन गोष्टी सांगितल्या. एक, ही बाजूची चावी आटे पाडून घट्ट बसवलेली आहे, ती पाण्यात कधी उघडायची नाही. आणि दुसरी, "घड्याळ पडून राहिलेलं मला बघवत नाही. मी येईन तेव्हा बंद दिसलं तर परत घेऊन जाईन. मग रुसायचं नाही."

मोठे साडू म्हणजे भाऊसाहेब. मोठे म्हणून त्यांनी आधी निवड केली. ते विमा विकणाऱ्या लोकांना विमा कसा विकावा यावर भाषणं देत आणि घरीही त्यात खंड पडत नसे. बोलताना त्यांचे दोन्ही हात हवेत असत, त्यामुळे त्यांच्या शेजारी चहाचा कप घेऊन कोणी बसत नसे. त्यांनी भिंग लावून दोन्ही घड्याळं तपासली आणि एक मनगटावर चढवलं.

"माझ्या घड्याळाची मूव्हमेंट, म्हणजे आतलं यंत्र हो, ती कंपनीनं स्वतःच्या कारखान्यात बनवलेली आहे, धाकटे," ते म्हणाले. "तुमच्या कंपनीनं ती बाहेरून विकत आणलीय. म्हणजे वाईट नाही हो. पण बाहेरची ती बाहेरची. माझं वजन दोन्ही बाजूंनी फिरताना चावी भरतं. तुमचं एकाच बाजूनं. माझं काढून ठेवलं तर तीन दिवस चालेल. तुमचं दीड दिवस. बाकी दिसायला छानच आहे."

सगळे हसले. वक्तशीररावही हसले, कारण न हसणारा माणूस लगेच ओळखू येतो. सासरच्या घरात फ्रिज कुठला घ्यावा इथपासून गुडघा कुठल्या डॉक्टरला दाखवावा इथपर्यंत सगळं भाऊसाहेबांना विचारलं जाई. वक्तशीररावांना एकच गोष्ट विचारली जाई, ती म्हणजे किती वाजले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्या घरातली तेवढीच एक जागा त्यांची होती. घड्याळ मामांनी परत नेलं असतं तर तीही गेली असती, आणि तीही भाऊसाहेबांच्या डोळ्यांदेखत. म्हणून पावणेअकरावर अडकलेला तो काटा पाहून त्यांनी बाही मनगटावर ओढून घेतली.

कोणीही शहाणा माणूस अशा वेळी चावी उघडून वेळ लावून घेईल. पण वक्तशीरराव नोंदणी कार्यालयातले. मामांनी चावी पाण्यात उघडू नका म्हटलं होतं. कोरड्यात उघडायला चालेल असं कुठं म्हटलं होतं? एखादी मनाई कुठं संपते हे सांगितलेलं नसेल तर ती संपत नाही, असं समजून त्यांनी आजवर नोकरी केली होती आणि त्यांच्यावर कधी ठपका आला नव्हता. चावीला हात लावणं शक्य नव्हतं.

मग त्यांनी तोड काढली. बंद घड्याळसुद्धा दिवसातून दोनदा बरोबर असतं, हे सगळेच म्हणतात. त्याचा शासकीय पातळीवर उपयोग मात्र कोणी केलेला नाही. दुसऱ्या दिवशी पावणेअकराला दोन मिनिटं असताना वक्तशीरराव खुर्चीतून उठले, भिंतीवरच्या घड्याळावर नजर रोखली, आणि पावणेअकराच्या ठोक्याला डावा हात जोरजोरात झटकायला लागले. सेकंदकाटा चालू झाला. समोर जन्माची नोंद घ्यायला आलेल्या गृहस्थाला वाटलं, साहेबांना मुंगी चावली. पुढच्या खेपेला ते तीनला बंद पडलं, तेव्हा तीनला झटकलं. मग साडेबाराला. ऑफिसातले लोक आता या वेळेची वाट बघू लागले. टंकलेखक बाई हातातलं काम थांबवून खुर्ची वळवून बसत. एकदा तर साहेबांना आठवण राहावी म्हणून शिपायानं आधी येऊन सांगितलं, "साहेब, झटकायची वेळ झाली."

घरी ते आपल्या आरामखुर्चीत बसत. खुर्चीची मांडणी मोठी विचारपूर्वक होती. उजव्या हाताला पाण्याचा तांब्या, डाव्या हाताला वर्तमानपत्र, मांडीवर टीव्हीचा रिमोट, चष्म्याचं घर खुर्चीच्या दांड्यावर. कशासाठीही उठावं लागू नये अशी ही रचना, आणि ऑफिसातलं टेबलही त्यांनी तसंच लावून घेतलं होतं. ही सगळी व्यवस्था रोज संध्याकाळी जागच्या जागी कोण लावतं हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता. आतून बायकोच्या शिवणयंत्राचा आवाज येत असे. ती आजूबाजूच्यांचे कपडे शिवून द्यायची. त्या आवाजात वर्तमानपत्र वाचायची त्यांना सवय झाली होती.

शेजारचे निवृत्त इंजिनियर एकदा पेपर मागायला आले आणि गोष्ट फुटली. इंजिनियरांनी आयुष्यभर विजेच्या खांबांवर देखरेख केली होती, तरी सल्ला ते कशावरही देत.

"तुमचं वजन एकाच बाजूनं भरतं म्हणता ना? मग हिशेब सोपा आहे. तुम्ही फायलीची पानं उजवीकडून डावीकडे उलटता. म्हणजे हात उलट्या बाजूनं फिरतो. भरतच नाही!"

"मग?"

"फायली शेवटच्या पानापासून वाचा."

हे वक्तशीररावांना पटलं, हे सांगायला वाईट वाटतं. त्यांनी तीन फायली शेवटापासून वाचल्या. पहिलीत त्यांनी मंजुरीचा निकाल आधी वाचला, आणि मग मागे मागे जात अर्जापाशी येऊन तोच अर्ज नामंजूर केला. शिवाय पानं ते उजव्या हातानं उलटत आणि घड्याळ डाव्या हातात होतं, ही बारीकशी गोष्ट इंजिनियरांच्या हिशेबात राहून गेली होती. डावा हात गालाखाली टेकवलेला असे. ऑफिसच्या सगळ्या वेळात त्याला तेवढंच काम होतं.

इंजिनियर हार मानणारे नव्हते. "वरच्या मजल्यावर तान्हं बाळ आहे," ते म्हणाले. "पाळणा दिवसभर हलतो. घड्याळ पाळण्याला बांधा. फुकटात चावी भरेल." वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तोंडाला पदर लावून परवानगी दिली. घड्याळ पाळण्याच्या कडीला बांधलं. बाळ स्वभावानं इतकं शांत निघालं की ते दिवसभर झोपलं, पाळणा हलवायची कोणाला गरजच पडली नाही, आणि घड्याळही त्याच्याबरोबर झोपलं. वक्तशीरराव दर थोड्या वेळानं वर जाऊन बाळ रडतंय का ते विचारत. चौथ्या वेळी बाळाच्या आजीनं दार लावून घेतलं.

तेव्हा कुठे त्यांनी घड्याळ कंपनीच्या दुरुस्ती केंद्रात न्यायचं ठरवलं. तिथे गार काचेमागे एक टाय लावलेला तरुण होता. त्यानं घड्याळाच्या पाठीवरचा आकडा यंत्रात टाकला.

"हे दुसऱ्याच्या नावावर आहे."

"मामेसासऱ्यांच्या. त्यांनी मला दिलंय."

"मग उघडायचं तर त्यांची लेखी संमती लागेल."

मामांना कळवणं म्हणजे संपलंच की. "ती मिळणं जरा अवघड आहे," वक्तशीरराव म्हणाले.

तरुणानं आवाज खाली आणला. "म्हणजे ते... गेले का? तसं असेल तर सोपं आहे हो. मृत्यूचा दाखला आणा, वारस म्हणून नोंद करू."

वक्तशीरराव रोज असे दाखले देत. क्षणभर, फक्त क्षणभर, त्यांच्या मनात तो विचार येऊन गेला, आणि मग ते स्वतःलाच दचकले. शेवटी घड्याळ न उघडता, फिरत्या यंत्रावर चढवून बाहेरूनच तपासायचं ठरलं. "चावी उघडायची नाही," हे त्यांनी बजावून सांगितलं. "उद्या या," तरुण म्हणाला. उद्या गेले, तर तो पुन्हा तेच म्हणाला. असं बरेचदा झालं. खिडकीच्या या बाजूनं ते वाक्य कसं ऐकू येतं ते वक्तशीररावांना पहिल्यांदाच कळत होतं, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही. अखेर घड्याळाबरोबर एक चिठ्ठी मिळाली. तिच्यावर छापील अक्षरांत होतं: यंत्र निर्दोष. वापर अपुरा.

"अपुरा म्हणजे?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे घालणारा हलत नाही," तरुण म्हणाला, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

आता कोणी तोंडावर काही बोललं तर माणूस ते खोटं पाडायला बघतोच. कंपनी आपल्या मालाला वाईट कशाला म्हणेल? दोष त्या बाहेरून आणलेल्या यंत्राचाच, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं, आणि ते सिद्ध करण्यासाठी भाऊसाहेबांना फोन लावला. दोन यंत्रांची नीट, शास्त्रशुद्ध तुलना व्हायला हवी, असं ते म्हणाले. आठवडाभर घड्याळं बदलून घालू या. भाऊसाहेबांना तुलना हा शब्दच आवडायचा, कारण तुलनेत ते कधी हरले नव्हते. अदलाबदल झाली.

चौथ्या दिवशी दुपारी भाऊसाहेबांचं घड्याळ वक्तशीररावांच्या मनगटावर बंद पडलं.

त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी शिपायाला चहा सांगितला. कंपनीच्या स्वतःच्या कारखान्यातलं यंत्र! दोन्ही बाजूंनी भरणारं! तेही थांबलं! म्हणजे बाहेरचं काय आणि घरचं काय, सगळे एकाच माळेचे मणी. चहाचा पहिला घोट घेतला तोच फोन वाजला.

"धाकटे," भाऊसाहेबांचा आवाज आला, "तुमचं बाहेरचं यंत्र झकास चाललंय हो! एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. मी उगाच नावं ठेवली. माझं काय म्हणतंय?"

चहा गार झाला. एक घड्याळ दोन मनगटांवर गेलं आणि एकाच मनगटावर बंद पडलं. दुसऱ्या घड्याळानंही तेच केलं. आता हिशेब करायला इंजिनियर लागत नव्हते. भाऊसाहेब रविवारी आपलं घड्याळ न्यायला आले तेव्हा ते दोन तास मागे होतं. वक्तशीररावांनी दारातली घंटा ऐकून घाईघाईनं झटकलं होतं एवढंच. भाऊसाहेबांनी काट्यांकडे पाहिलं, मग वक्तशीररावांकडे पाहिलं. हे बघणं वक्तशीररावांच्या ओळखीचं होतं. ते स्वतः रोज लोकांकडे असंच बघत.

"पुढच्या रविवारी मामा येतायत," जाताना भाऊसाहेब म्हणाले. "सगळे तुमच्याकडेच जेवायला. बघू या मग."

एक उपाय तेवढा राहिला होता. पाणबुड्याचं घड्याळ, ते पाण्यातच चालणार, असं इंजिनियर म्हणाले. वक्तशीररावांना पोहता येत नव्हतं, पाण्याची भीतीच होती, पण मामा त्याहून जवळ आले होते. ते पोहण्याच्या तलावावर गेले. तिथल्या माणसानं विचारलं, "पोहता येतं?" "मला पोहायचं नाही, घड्याळाला पाण्यात न्यायचंय," हे उत्तर त्याच्या कुठल्याच रकान्यात बसेना. शेवटी शिकाऊ म्हणून लहान मुलांच्या तुकडीत त्यांना घेतलं. कमरेइतक्या पाण्यात, एका हातानं कठडा गच्च धरून, दुसरा हात ते पाण्यात सपासप हलवत राहिले. तुकडीतल्या चिमुरडीनं "काका, मी धरते तुम्हाला, घाबरू नका" असं म्हटल्यावर ते बाहेर आले. अंग पुसताना लक्षात आलं की कठडा डाव्या हातानं धरला होता. घड्याळाचा हात तेवढा स्थिर होता.

घरी येऊन त्यांनी घड्याळ काढलं आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर आदळलं. "जाऊ दे," ते म्हणाले. "नेऊ देत मामांना. मला नको." बायकोनं शिवणावरची नजर वर करून एकदा फळीकडे पाहिलं आणि एकदा त्यांच्याकडे. मग ते आरामखुर्चीत जाऊन बसले. पाण्याचा तांब्या उजव्या हाताला होताच. त्यानंतर त्यांनी त्या फळीकडे बघितलंसुद्धा नाही. बघायला स्वयंपाकघरात जावं लागलं असतं.

रविवारी मामा आले. वाकलेले, पण हाताची पकड अजून लोखंडी. भाऊसाहेब बाही जरा जास्तच वर सरकवून आले होते. जेवणं झाली, आणि ज्या क्षणाची वक्तशीररावांना धास्ती होती तो आला.

"काय जावईबापू," मामा म्हणाले, "तुमचा हात रिकामा दिसतोय?"

"बंद पडलं असेल," भाऊसाहेब हात पसरून म्हणाले. "बाहेरची मूव्हमेंट, मामा. चालायचंच."

वक्तशीररावांनी खाली मान घातली. "मामा, आत फळीवर आहे," ते कसेबसे म्हणाले. "तुम्ही घेऊन जा. ते माझ्या हातात टिकत नाही."

"फळीवर कुठलं?" बायको आतून आली. हात ओले होते, बाह्या कोपरापर्यंत वर होत्या, आणि डाव्या मनगटावर, तिच्यासाठी जरा मोठं असं, ते घड्याळ होतं. "तुम्ही टाकून दिलंत त्या दिवसापासून माझ्या हातात आहे. म्हटलं, मामांनी दिलेलं, पडून कशाला राहायचं."

मामांनी तिचा हात धरून घड्याळ कानाशी नेलं. मग भाऊसाहेबांचं घेतलं. मग भिंतीवरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं. दोन्ही बरोबर चालली होती.

"वेळ तू लावलीस?" मामांनी विचारलं.

"हो. चावी उघडली, लावली, परत घट्ट केली. का? उघडायची नव्हती?"

"कोरड्यात उघडायची नाही तर कुठं उघडायची?" मामा म्हणाले. वक्तशीररावांना ऑफिसातल्या त्या सगळ्या झटकण्याच्या वेळा एकदम आठवल्या आणि कान गरम झाले.

भाऊसाहेब मागे हटणाऱ्यांतले नव्हते. "पण मामा, यंत्र म्हणून चांगलं कुठलं? तुम्हीच सांगा एकदा."

"दोन्ही चांगली. मी दोन्ही पाण्याखाली घातलीत, दोन्हींनी कधी दगा दिला नाही," मामा म्हणाले. "हे मात्र आता पोरीचं. जावईबापू, रुसायचं नाही असं आधीच सांगितलं होतं हं."

सगळे गेले. वक्तशीरराव सवयीनं आरामखुर्चीकडे वळले आणि मध्येच थांबले. आतून भांड्यांचा आवाज येत होता. ते स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

"तुला माहीत होतं, ते माझ्या हातात का बंद पडतं ते?"

"माहीत काय, दिसत होतं."

"मग सांगायचंस ना!"

ती पातेलं घासायची थांबली नाही. "तुम्ही शेजारच्यांना विचारलंत, वरच्यांच्या बाळाला विचारलंत, कंपनीला विचारलंत, तलावावर जाऊन विचारलंत. मला कुठे विचारलंत?"

त्यांना लाज वाटली, अगदी खरी, ऑफिसात कधी वाटली नव्हती तशी. किती वर्षं आतले हे आवाज ऐकत आपण पेपर वाचत बसलो, हे त्यांना उगाचच मोजावंसं वाटलं आणि मोजवेना. त्यांनी बाह्या वर केल्या.

"सरक," ते म्हणाले. "मी घासतो."

तिनं पातेलं त्यांच्या हातात दिलं. मग हात पुसत विचारलं, "घड्याळ देऊ काढून? भरेल तरी."

"नको. तुझ्याच हातात शोभतं."

ती बाहेर गेली आणि आरामखुर्चीत बसली. तांब्या, वर्तमानपत्र, रिमोट, सगळं हाताशी होतं. वक्तशीरराव घासत राहिले. पहिल्या दोन पातेल्यांत खांदा भरून आला, तिसऱ्यात कंबर. आपण बराच वेळ उभे आहोत अशी त्यांची खात्री झाली, म्हणून त्यांनी हाक मारली.

"अगं, किती वाजले?"

तिनं मनगट वर करून पाहिलं.

"अजून काहीच नाही वाजले," ती म्हणाली. "घासा."